मिक्सरच्या बोर्डावरचं ग्राइंडर

"हात बघू," आई म्हणाली आणि मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

बाहेरच्या खोलीत पाहुणे येऊन बसले होते आणि मी मोरीत उभी राहून रॉकेलच्या बोळ्याने बोटं घासत होते. पोलादाची काळी भुकटी एकदा नखांत शिरली की साबणाला दाद देत नाही. आईने लिंबू पिळून पाहिलं, साखर चोळून पाहिली, शेवटी हात टेकले आणि म्हणाली, पोहे देताना तळवे वर ठेव म्हणजे नखं दिसायची नाहीत. तळवे वर ठेवून बशा कशा द्यायच्या, ते काही तिने सांगितलं नाही. वर म्हणाली की अंगाला रॉकेलचा वास येतोय, म्हणून गजरा जरा मोठा माळ.

ही गोष्ट तासगावची, वीसेक वर्षांपूर्वीची. पुढे रस्त्यावर आमची पिठाची गिरणी, तिच्या मागे घर आणि घराच्या मागे पत्र्याची शेड. गिरणीचे सर्वेसर्वा आण्णा, म्हणजे माझे वडील. भुवयांवर कायम पीठ, आणि गिरणीच्या आवाजामुळे ऐकू कमी. माणसाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती, ते डब्याकडे बघत. कुणाचा डबा कुठला, हे त्यांना पाठ होतं. डब्यांची रांग जमिनीवर आणि बायका कट्ट्यावर, अशी आमच्याकडची शिस्त. आलेला डबा परत पाठवायचा नाही, हा आण्णांचा एक नियम. सोयऱ्यांकडून दळणाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा दुसरा. सोयरे म्हणजे ज्यांच्याशी लग्नाचं नातं जुळलं ते. शेजाऱ्यांना यात सूट नव्हती. शेजारच्या ताराकाकूंना हे कायम डाचायचं. भिंतीला भिंत लागून आहे तरी पैसे घेतोस, असं त्या दर दळणाला ऐकवत, आणि आण्णांना नेमकं तेवढंच ऐकू येत नसे.

मागच्या शेडमध्ये माझं राज्य होतं. दळणाला येणाऱ्या बायका थांबल्या थांबल्या विळी-सुऱ्यांना धार नाही म्हणून कुरकुर करत. मी आधी दगडावर धार लावून द्यायची. मग एका लेथवाल्याकडून चाकं करून घेतली, एका वेल्डरकडून स्टँड, आण्णांच्या जुन्या चाळणीची मोटार पडून होती ती जोडली आणि माझं बेल्ट ग्राइंडर उभं राहिलं. पॉलिश पेपरचा लांब पट्टा चाकांवरून फिरतो, त्यावर पातं धरायचं, एवढंच ते यंत्र. पण त्याच्यावर मी नुसती धार लावत नव्हते, नवी पाती घडवायला लागले होते. बी. ए. होऊन घरी बसलेल्या मुलीला असा आनंद सापडला, तो मी कसा सोडणार होते?

अडचण होती ती वेगाची. मोटार सुटली की एकाच वेगाने सुसाट. जाड काम तिच्यावर झकास व्हायचं, पण धार काढायला गेलं की पातळ पोलाद क्षणात तापायचं, निळं पडायचं आणि मऊ व्हायचं. ताराकाकूंच्या विळीचं टोक मी असंच निळं केलं होतं. त्यांनी ती विळी गल्लीभर फिरवली. नारळ कापायला घेतला तर विळीच वाकली म्हणून सांगत सुटल्या. त्यात थोडी भर होती, पण फार नव्हती.

यावर सल्ल्याला तोटा नव्हता. आण्णांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर पुली हेच औषध. मोठी पुली घाल, वेग कमी होईल. झाला की, पण मग जाड काम रडतखडत व्हायचं, आणि दर वेळी पाना घेऊन पुली बदलायची म्हणजे माझे नाकी नऊ यायचे. ताराकाकू म्हणाल्या, पंख्याला असतो तसला खटका लाव. त्यांना समजावलं की तसल्या खटक्याने वेगाबरोबर मोटारीची ताकदही जाते, पातं टेकवलं की ती जागच्या जागी बसते. मला हवा होता ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग हवा तसा कमीजास्त करणारा आणि ताकद न घालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. गिरणीमुळे आमच्याकडे थ्री फेज, म्हणजे कारखान्यांना लागते तसली जास्त दाबाची वीज होती आणि मोटारही थ्री फेजची. सांगलीच्या दुकानदाराने थ्री फेजवर चालणारा ड्राइव्ह सुचवला आणि मी तो सांगून ठेवला. आठवड्याभरात येणार होता.

आणि नेमकी त्याच सुमाराला घरात माझ्या लग्नाची घाई सुरू झाली. आधी कराडची माणसं येऊन गेली. मुलगा बरा होता, घर मोठं होतं आणि मुलाच्या वडिलांनी हसत हसत सांगितलं, "ते धारबीर आमच्यात चालायचं नाही बरं का." आण्णा मला म्हणाले, मशीनचं नंतर बघू. आमच्या घरात नंतर बघू म्हणजे कधीच नाही, हे मी लहानपणापासून जाणून होते. सायकल, सहल, सांगलीचं कॉलेज, सगळं नंतर बघू म्हणताच संपलं होतं. आईने तर शेडमध्ये चटणी कांडपाचं मशीन कुठे बसेल ते पावलं टाकून मोजूनही ठेवलं होतं. लग्नाला माझी ना नव्हती. पण लग्न झालं की ग्राइंडर इथे गंजणार आणि मी तिथे, या विचाराने जेवण जात नव्हतं.

सांगलीचं हे स्थळ ताराकाकूंनी आणलेलं. मुलगा विरूपाक्ष मिठारी, कुठल्याशा कारखान्यात मोटारी आणि ड्राइव्हच्या देखभालीचं काम करणारा. घरी तो आणि आई. राजाक्काला हाच शोभंल, असं ताराकाकूंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. राजाक्का म्हणजे मी, राजेश्वरी शेटे.

तर मी गजरा सावरत पोहे घेऊन गेले. मुलाच्या आईने, मिठारीबाईंनी, माझ्या नखांकडे पाहिलं आणि पोह्यांत लिंबू पिळलं. मग नेहमीचे प्रश्न झाले. मुलीला कशाची आवड, यावर आण्णांनी नजरेला नजर न देता भरतकाम असं सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते छताकडे पाहू लागले. मुलगा तोंड मिटून पोहे खात होता. पांढराशुभ्र शर्ट, चापून बसवलेला भांग. बोलायची वेळ आली की घाम पुसायचा.

मग कुणीतरी म्हणालं, मुलामुलीला जरा बोलू द्या. लोकांच्या घरी अशा वेळी गच्चीवर पाठवतात. आमच्याकडे गच्ची नव्हती. गिरणीत डब्यांची रांग, स्वयंपाकघरात आई, उरली शेड. आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं, पण आता नाही म्हणायची सोय नव्हती.

शेडचं दार उघडलं आणि मुलगा मला पार विसरला. थेट ग्राइंडरपुढे जाऊन उकिडवा बसला. चाकं हाताने फिरवून पाहिली, पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून पाहिला, मोटारीची पाटी रुमालाने पुसून वाचली.

"हे तुम्ही केलंत?" मान वर न करताच त्याने विचारलं.

"मोटार आण्णांची. बाकीचं माझं."

"आणि भरतकाम?"

"मला साधा टाका येत नाही."

तो हसला. तेव्हा पहिल्यांदा मला तो बरा वाटला. मी वेगाची अडचण सांगितली, निळी पडलेली पाती दाखवली, ड्राइव्ह सांगून ठेवलाय तेही सांगितलं. थ्री फेजचा म्हणताच त्याने मान हलवली.

"तो नका घेऊ. सिंगल फेजवर चालणारा घ्या. घरातल्या साध्या बोर्डावर लागतो तो."

मी म्हटलं, थ्री फेज इथे भिंतीवर हाताशी आहे. तो म्हणाला, असू दे. मी म्हटलं, दुकानदार म्हणतोय की मोटार थ्री फेज, लाइन थ्री फेज, तर ड्राइव्हही थ्री फेजचाच सरळ पडतो.

"दुकानदार बरोबर सांगतोय," तो म्हणाला.

"मग?"

"तरी सिंगल फेजचा घ्या."

आता याला काय म्हणायचं? कारण विचारलं तर लाल होऊन चाकांकडे बघायचा. मला वाटलं, बाईमाणसाचं काम म्हणजे मिक्सर-इस्त्रीच्या बोर्डावर चालण्याइतकंच, असं याचं मत दिसतंय. माझं डोकं फिरलं. मी त्याला सुनावलं की माझ्या ग्राइंडरवर कोयतासुद्धा घासता येतो, ते काही खेळणं नाही. तोही चिडला, म्हणाला, साध्या बोर्डावर चाललं तरी मोटारीची ताकद तेवढीच राहते, हे तरी समजून घ्या. आवाज चढत गेले. पत्र्याच्या शेडमधलं बोलणं घरात नीट ऐकू जातं, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

भांडता भांडता त्याचे हात मात्र चालूच होते. स्टँडला किती बोल्ट आहेत ते पाहिलं, सुटा होतो का ते विचारलं, वितीने लांबी-रुंदी मोजली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. नंतर माझाच स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने मोटारीच्या जोडणीच्या डबीचं झाकण उघडलं. आत पितळेच्या छोट्या पट्ट्या आडव्या बसवलेल्या होत्या, त्या सोडवून त्याने उभ्या लावल्या.

"हे काय करताय?"

"होतं का बघतोय," तो म्हणाला, आणि चेहरा असा खुलला की जणू त्याची लॉटरीच लागली होती. "होतंय की."

तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. त्याने झाकण लावलं आणि काळे झालेले हात धुवायला तो मोरीकडे गेला. शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलं होतं.

बाहेर आले तर आण्णा उभे. आमचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, भरतकामाचं बिंग फुटलं होतं. मिठारीबाई म्हणत होत्या, "ते मशीन आहे तरी काय, बघू की आम्ही." मला वाटलं आता आण्णा वेळ मारून नेणार. पण त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "या, बगा. माझ्या पोरीनं सोताच्या हातानं केलंय. तालुक्यात कुणाकडं असलं न्हाई."

मी बघतच राहिले. आजवर कुठल्या पाहुण्यापुढे त्यांनी या मशीनचं नावसुद्धा काढलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? आण्णा ऐटीत शेडमध्ये गेले, मिठारीबाईंना समोर उभं केलं, आणि त्यांनी भिंतीवरचा खटका दाबला.

मोटारीतून भलताच आवाज आला. एरवी ती गुणगुणायची, आज गुरगुरायला लागली. आण्णांना कमी ऐकू येत असल्याने ते कौतुकाने बघतच राहिले. ताराकाकू म्हणाल्या, आज जोर आहे बघ मशीनला. मोरीतून मुलगा कोपरापर्यंत साबण लागलेल्या हातांनी बंद करा, बंद करा म्हणत धावत आला. पण तोवर मोटारीने धूर सोडला होता. जळक्या वॉर्निशच्या वासाने शेड भरली. मिठारीबाई खोकत बाहेर पळाल्या. आईने आणलेला चहाचा ट्रे तसाच परत नेला.

झालं होतं ते असं. पितळी पट्ट्या आडव्या असल्या की मोटार गिरणीच्या थ्री फेजवर चालते. उभ्या केल्या की तिला घरातल्यासारखी कमी दाबाची, सिंगल फेजचा ड्राइव्ह देतो तसली वीज लागते. त्याने त्या उभ्या केल्या, परत आडव्या करायचं विसरला, आणि आण्णांनी गिरणीची वीज सोडली. एवढं कळत असूनही असं कसं विसरलास, म्हणून त्याची आई त्याला विचारत होती. त्याने मोटारीचे बोल्ट काढले, ती गरम मोटार पोत्यात गुंडाळून उचलली आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवली. आण्णांना इतका राग आला होता की त्याला अडवायचंही सुचलं नाही.

गाडी गेल्यावर आण्णांनी ताराकाकूंना बजावलं, त्या मोटारवाल्याला पुन्हा माझ्या घरची पायरी चढू देणार नाही. ताराकाकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळहळल्या, "मुलगा पन गेला आनि मोटार पन गेली गं."

पुढचे काही दिवस वाईट गेले. मी रुसून बसणाऱ्यांतली नाही, पण शेडमध्ये जायचं जिवावर यायचं. मोटार नसलेलं ते ग्राइंडर बघवत नव्हतं. दुकानदाराला ड्राइव्ह नको म्हणून कळवून टाकलं. आईने कांडपाच्या मशीनची चौकशी केली. कराडकरांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, रविवारी बैठकीला येतो. आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन तरी आता कुटं ऱ्हायलंय?" त्यात दुष्टपणा नव्हता, खरंच सुटका झाल्यासारखं ते बोलले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. राग मला आण्णांचा नव्हता. त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा होता. भांडला तर भांडला, मोटार जाळली तर जाळली, पण मशीन बघताना त्याचं तोंड असं उजळलं होतं की वाटलं होतं, एक तरी माणूस सापडला. आणि तो साधा निरोपही पाठवत नव्हता.

रविवार यायच्या आधी, एका सकाळी, गिरणीत गर्दी होती. मी आण्णांच्या मदतीला पिठाच्या बाजूला उभी होते. आण्णा खाली मान घालून एकेक डबा उचलत, झाकण काढून धान्यात हात घालत, खडाबिडा नाही ना ते बघत आणि मग वर ओतत. पुढचा डबा, पुढचा डबा, असं चाललं होतं. एका डब्यापाशी ते थांबले.

डबा अनोळखी होता. स्टीलचा, नवा कोरा, अख्ख्या तासगावात कुणाचा नसलेला. त्यांनी झाकण काढलं, गव्हात हात घातला, गहू बोटांतून सोडले.

"गहू कुणी निवडल्यात?" त्यांनी विचारलं. आण्णांच्या तोंडून एवढी वाहवा क्वचितच निघायची.

"आईनं," कट्ट्यावरच्या बायकांच्या मागून आवाज आला.

आण्णांनी पुन्हा खोलवर हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक चौकोनी डबा घेऊन. त्याला समोर एक बटण होतं, फिरवायचं.

"ह्ये काय दळायचं?" आण्णा म्हणाले.

बायका हसल्या आणि बाजूला झाल्या. मागे विरूपाक्ष मिठारी उभा होता. तोच शर्ट, बाहीवरचा ग्रीसचा डाग धुऊन फिका झालेला. म्हणाला, पायरी चढायची नाही असं कळलं होतं, पण इथे आलेला डबा परत जात नाही असंही कळलं होतं. दोन्ही त्याला कुणी कळवलं असेल, ते विचारायला नको. ताराकाकू छताकडे बघत होत्या.

आण्णांची पंचाईत झाली. रांगेतला डबा परत पाठवला तर बापजाद्यांपासूनचा नियम मोडणार, आणि ठेवून घेतला तर माणूसही ठेवून घ्यावा लागणार. त्यांनी भुवयांवरचं पीठ पुसलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की नंबर लागेपर्यंत जे काय करायचं ते मागं जाऊन करा.

मोटार गाडीत होती. नवीन वायंडिंग करून, रंग देऊन आणलेली. त्याने ती ग्राइंडरला जोडली, मी पट्टा चढवला. पाना हवा असला की तो हात पुढे करायचा आणि मी पाना ठेवायची. आण्णा गिरणी थांबवून दारात येऊन उभे राहिले होते, म्हणजे त्यांचा राग किती होता आणि कुतूहल किती, ते कळलंच. त्यांच्या मागे ताराकाकू, निळ्या टोकाची विळी घेऊन.

गव्हातून निघालेला ड्राइव्ह भिंतीला लावून झाला. मी वाट पाहत होते की तो आता भिंतीवरच्या थ्री फेजच्या खटक्याकडे जाईल. तो गेला स्वयंपाकघरात. आईचा मिक्सर ज्या बोर्डाला लागायचा, तिथून लांब वायर ओढत त्याने शेडमध्ये आणली आणि साधी पिन घातली. मग मला म्हणाला, फिरवा बटण.

मी बटण जरासं फिरवलं. पट्टा सरकायला लागला, इतका हळू की त्याच्यावरचा जोड येताना-जाताना दिसत होता. ताराकाकूंची विळी टेकवली. दाबली, आणखी दाबली. मोटार थांबली नाही, कण्हलीही नाही. पातं हाताला कोमट लागत होतं, बस. निळं पडलेलं सगळं घासून गेलं आणि खालून पांढरी धार निघाली. बटण पुढे नेलं तर पट्टा पूर्वीसारखा सुसाट. मागे आणलं की पुन्हा शांत. मला हसू आवरेना. ताराकाकूंनी केस ओढून धारेवर धरला आणि काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत नवलच.

आण्णा मात्र वायरीकडे बघत होते. गिरणीवाल्याला ते सहन होईना.

"चांगलं झालं, मान्य," ते म्हणाले. "पन मला सांग, थ्री फेज हितं हाताशी असताना मिक्सरच्या बोर्डावर कशाला लावलंस? पयल्या दिवसापास्नं तुजं त्येच चाललंय. ड्राइव्ह सिंगल फेजचाच घ्या म्हनं. का?"

त्याने हात रुमालाला पुसले. पुन्हा पुसले. घाम आला होता. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं आणि आण्णांना, अगदी हळू आवाजात, म्हणाला,

"मामा, आमच्या घरी थ्री फेज नाही."

आण्णांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं, पण त्यांना ऐकू आलं होतं. मी पट्ट्यासमोर उभी होते आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर येत होती. स्टँड सुटा होतो का. बोल्ट किती. ती वितीची मापं. दुकानदार बरोबर आहे, तरी सिंगल फेजचा घ्या. आणि त्या पितळी पट्ट्या. एवढा जाणता माणूस पट्ट्या आडव्या करायला विसरला कसा, याचं उत्तर आत्ता मिळालं. त्याच्या मनाने माझी मोटार तेव्हाच सांगलीला नेऊन बसवली होती आणि आण्णांनी तासगावात खटका दाबला होता. भांडणाच्या ऐन भरात तो मला हेच सांगत होता आणि मी त्याला कोयत्याच्या गोष्टी ऐकवत होते.

"जिन्याखाली जागा आहे," तो पुढे म्हणाला. "आईला विचारलंय. ती म्हणते, धूळ स्वयंपाकघरात आली नाही म्हणजे झालं."

आण्णा वळले आणि गिरणीत निघून गेले. गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. विरूपाक्ष माझ्याकडे बघायला लागला, आता काय, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. मला तरी काय माहीत? मी ड्राइव्हचं बटण बंद केलं आणि आम्ही दोघं ताराकाकूंच्या मागोमाग पुढे गेलो.

आण्णा त्याचा गहू दळत होते. रांगेतले आधीचे डबे तसेच होते आणि बायकांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. पीठ पडताना आण्णा चिमटीत धरून बघत होते, जरा जाड आलं की जात्याची पाळी घट्ट करत होते. एवढं बारीक दळण ते सणासुदीलाच काढायचे. डबा भरला. त्यांनी तो फडक्याने बाहेरून पुसला, झाकण लावलं आणि उचलून त्याच्या हातात दिला. पीठ गरम होतं, त्याने डबा छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने खिशातून पाकीट काढायला लागला.

"ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले. ते त्याच्याकडे बघत नव्हते, पुढच्या डब्याकडे बघत होते. "सोयऱ्यांकडनं दळनाचं घेत न्हाई मी."

आई घराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मी आण्णांना मिठी मारणार होते, पण त्यांच्या अंगावर इतकं पीठ होतं आणि समोर इतक्या बायका होत्या. पहिल्या सावरल्या त्या ताराकाकू. त्यांनी आपला डबा पायाने पुढे सरकवला आणि विचारलं की सोयरीक जमवणाऱ्याच्या दळणाचं काय.

"पैसं काडा," आण्णा म्हणाले. "पुडचा डबा."

मी शेडमध्ये गेले आणि स्टँडचे बोल्ट सोडवायला पाना शोधू लागले.